मिरचीभजीवर चालणारा टेम्पो

आमचे शेजारी केशव मास्तर तेलाच्या डब्याला शाल पांघरतात. स्वतः थंडीत कुडकुडत बसतील, पण शाल डब्याला. वर आपल्यालाच दटावणार, "हळू बोला अण्णा, आत जेवण चाललंय."

जेवण कुणाचं? तर एन्झाइमचं. आमच्या अख्ख्या केलगेरी गावानं न पाहिलेलं हे जनावर मास्तरांनी घरात पाळलंय. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला एकटा माणूस, जेवायला खानावळीचा डबा. पण मिरचीभजीवाल्याकडचं जळकं तेल मागून आणतो, फडक्यानं गाळतो, त्यात ही एन्झाइमची पूड टाकतो. त्याचं म्हणे डिझेल होतं!

"गॅसवर उकळा की, लवकर होईल," मी म्हटलं.

"जावई आहे तो, अण्णा. कोमटच लागतं. कढत झालं तर मरतो. स्पिरिटसुद्धा थोडं थोडं पाजायचं, एकदम नाही."

"असला जावई मी उंबऱ्याबाहेर ठेवला असता."

घाई केली की त्यांचं ठरलेलं कानडी उत्तर, "स्वल्प तडीरी." जरा थांबा.

मी चौथीतनं शाळा सोडली, पण माझ्या ह्या भाड्यानं चालणाऱ्या टेम्पोवर तिन्ही पोरींची लग्नं केली. मास्तरांचा डोळा नेमका त्यावरच. त्यांच्याकडं गाडी नाही. डिझेल खरं का खोटं, ते माझ्या टेम्पोनं सांगायचं.

"इंजिन बसलं तर मी खाऊ काय? तुमचा जावई?"

मास्तर हिरमुसून गेले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत दारात.

शेवटी बायकोच म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस रोज दारात उभा राहतोय. घाला की थोडं!"

मी अट घातली: आधी टेम्पोची पूजा, चाकाखाली लिंबू.

"लिंबानं काय होतंय, अण्णा?"

"तुमच्या पुडीवर मी विश्वास ठेवला ना? मग गप बसा."

इंजिन धडधडलं, लिंबू चिरडलं, आणि धुरातनं गल्लीभर मिरचीभजीचा वास! समोरच्या अक्का ताटली घेऊनच बाहेर. "कुणाकडं तळताय हो?"

मला वाटलं, मास्तर आता नाचणार. ते टेम्पोच्या मागं जाऊन उभे. डोळे मिटलेले.

"मास्तर, धूर खाताय होय?"

"आमची ही गेल्यापासून," ते हळूच म्हणाले, "दारात तळणीचा वास आलाच नव्हता, अण्णा."

आता रोज सकाळी मी टेम्पो त्यांच्या फाटकापुढं नेतो अन् नुसताच चालू ठेवतो. बायको ओरडते, "निघा की आता!"

"इंजिन तापतंय," मी सांगतो. "स्वल्प तडीरी."