टेलरमास्तर शेपूट होतात

"माझ्या हातून एखादं कापड वाया गेलं असेल, पण माणूस? कधीच नाही!"

टेलरमास्तरांनी ही घोषणा अख्ख्या सायकल क्लबसमोर केली, आणि तीही छाती फुगवून. क्लब त्यांनीच सुरू केला होता, स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर बसून, तीन मित्रांच्या साक्षीनं. तेव्हा मास्तरांच्या डोक्यावर केस होते आणि सायकलींना गिअर नव्हते. आता सगळं उलटं झालं होतं! मध्यंतरी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, सायकल भिंतीला लागली आणि क्लबचा कारभार मुलीकडे गेला. मुलगी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांना "वाका, उठा, श्वास सोडा" असं फर्मावणारी. तिच्यापुढे बापाची काय टाप!

आज मात्र तिनं परवानगी दिली होती. फक्त आज. सहल गडबड न होता पार पडली तर दर रविवारी यायचं, काही घोटाळा झाला तर सायकल कुणाला तरी देऊन टाकायची, असं तिनं आदल्या संध्याकाळीच चहाच्या कपासमोर बजावलं होतं. मास्तरांनी मान डोलावली. सायकल गेली तर रविवारी आपण करायचं काय, या विचारानं त्यांना रात्रभर नीट झोप लागली नव्हती.

निघायच्या आधी ती म्हणाली, "आणि बाबा, आज तुम्ही शेपूट!"

"मी? शेपूट? अगं, मी या क्लबचा..."

"शेपूट म्हणजे जबाबदारीचं काम, असं कोण म्हणायचं?"

मास्तरच म्हणायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ! शेपूट म्हणजे सगळ्यांत मागचा गडी. त्याचे नियम मास्तरांनीच केलेले. प्रत्येक वळणावर एकानं थांबून हातानं रस्ता दाखवायचा आणि शेपूट पुढे गेल्याशिवाय हलायचं नाही. शेपटानं कुणाच्याही पुढे जायचं नाही. आणि शेवटचा माणूस रस्ता चुकला, तर शेपटानंही त्याच्याबरोबर चुकायचं, पण त्याला एकटं सोडायचं नाही! हा शेवटचा नियम त्या काळी सगळ्यांना फार थोर वाटला होता.

मंडळी निघाली. ऊन म्हणजे काय, डांबराला घाम फुटला होता! उन्हामुळे सगळ्यांनी पांढरे शर्ट घालायचे, असा मुलीचा हुकूम होता. मोबाइल मास्तरांनी मुद्दाम घरी ठेवला. "आमच्या वेळी कुठे होते मोबाइल?" असं शिलाई मशीनला ऐकवून ते बाहेर पडले होते.

टपाल कचेरीपाशी त्यांची चेन पडली. खरं म्हणजे मास्तरांना आनंदच झाला. किती दिवसांनी बोटं काळी झाली! पूर्वी चेन पडली की चौघंही उतरायचे, एक जण चेन बसवायचा आणि तिघं सल्ले द्यायचे. आता ते तिघंही नव्हते. मास्तरांनी चेन एकट्यानंच बसवली आणि जरा वेळ तिथेच उभे राहिले.

मान वर केली, तर रस्ता रिकामा! नाही, पूर्ण रिकामा नव्हता. पुढे एक पांढरा शर्ट डुलत डुलत चालला होता. जुनी काळी सायकल, मागे कॅरिअर, हँडलला पिशवी. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. क्लबमध्ये आता निम्मे चेहरे अनोळखी. त्यातलाच हा एखादा नवा गडी दमून मागे राहिला असणार!

"काय, दमलात?" मास्तरांनी मागून विचारलं.

माणूस दचकला. "नाही बुवा."

"लाजू नका! मी आहे ना मागे. शेवटपर्यंत सोडणार नाही तुम्हाला!"

"मला विमा काढायचा नाहीये," तो माणूस म्हणाला.

मास्तर खदाखदा हसले. गडी थट्टेखोर दिसतोय! आणि त्याची सायकल तर थेट मास्तरांच्या पहिल्या सायकलीसारखी. मग काय, आठवणींचं धरणच फुटलं. कालव्यात रुमाल बुडवून डोक्यावर कसे बांधायचो, एकाच बाटलीतलं पाणी चौघांत कसं पुरवायचो, पोरगी पुढच्या दांड्यावर बसून अख्खा रस्ता घंटी कशी वाजवायची, सगळं सगळं मास्तर त्याच्या पाठीला सांगत सुटले. पाठ अधूनमधून "हं" म्हणत होती.

"घ्या, पाणी प्या!"

"नको! अनोळखी माणसाकडून मी काही घेत नाही!"

आणि त्या माणसानं वेग वाढवला. "शाब्बास! जमतंय की!" मास्तरही ओरडत मागे! चौक अजून पुढे होता, पण हा गडी अलीकडच्याच गल्लीत डावीकडे वळला.

"अहो, इथे नाही! चौकातून उजवीकडे!"

तो आणखी जोरात. मास्तरांनी ओळखलं. याच्या डोक्यात ऊन गेलं! एकदा मागे वळून त्यांनी चौकाकडे पाहिलं. मुलीची ताकीद आठवली. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि हँडल डावीकडे वळवलं.

गल्ली संपली, बोळ संपला, एका फाटकाशी त्या माणसानं सायकल अक्षरशः फेकली आणि दार बडवलं. आतून त्याची बायको आली.

"अहो, हे कोण?"

"मला काय विचारतेस! टपाल कचेरीपासून मागे लागलेत! गोष्टी सांगतायत!"

"वहिनी," मास्तर धापा टाकत म्हणाले, "यांना आधी पंख्याखाली झोपवा. आमच्या सायकल सहलीतून भरकटलेत हे."

"सहल? आणि यांची?" बाईंनी पदर तोंडाला लावला. "बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही तर हे लग्नालासुद्धा जात नाहीत! घड्याळांचं दुकान बंद करून जेवायला आलेत ते."

मास्तर मटकन पायरीवर बसले. माणूस सुटला नव्हता, अख्खा क्लब सुटला होता! बाईंनी पाणी दिलं, घड्याळजींनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. पण लावणार कुणाला? मुलीचा नंबर मास्तरांच्या मोबाइलला पाठ होता, मास्तरांना नव्हता.

"गेली माझी सायकल," ते एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघून घड्याळजींची भीती ओसरली.

"चला, चौकापर्यंत सोडतो. पण तुम्ही पुढे व्हा. आता मी तुमच्या मागे येतो, तेच बरं!"

चौकात वेगळाच गोंधळ होता. क्लबची मंडळी झाडाखाली मिळेल तशी पसरली होती. मास्तरांना शोधायला गेलेले दोन तरुण भलत्याच एका पांढऱ्या शर्टवाल्या आजोबांना धरून घेऊन आले होते, आणि ते आजोबा "मी मास्तर नाही हो!" असं कळवळून सांगत होते. रस्ता दाखवायला नेमलेले क्लबमधले एक बँकवाले टोमॅटोसारखे लाल होऊन एका दुकानाच्या सावलीत आडवे पडले होते.

आणि त्यांच्या जागी, भर उन्हात, हात उजवीकडे करून मास्तरांची मुलगी उभी होती.

"अगं, तू का उभी?" मास्तर पुटपुटले.

"शेपूट आल्याशिवाय हलायचं नाही! तुमचाच नियम ना?" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिचा आवाज फुटला. "बाबा, मला वाटलं तुम्ही कुठे तरी पडलात..."

हात अजून तसाच रस्ता दाखवत होता. मास्तरांनीच तो धरून खाली घेतला. लहानपणी तिला अशीच वळणावर उभी करायचे, तेव्हा ती हात दुखला तरी खाली घ्यायची नाही. मास्तरांच्या बोटांचं काळं तिच्या मनगटाला लागलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"ताई," घड्याळजी खाकरले, "माणूस चिवट आहे हो. मी घरात शिरेपर्यंत सोडलं नाही मला! पुढच्या रविवारी मी पण येऊ का? म्हणजे... मुद्दाम?"

झाडाखालची मंडळी हसली. मुलीनं डोळे पुसले आणि बापाची नाडी तपासायला घेतली. मास्तर श्वास रोखून उभे.

"श्वास सोडा, बाबा. सायकल राहू दे. पण शेपूट बंद! पुढच्या रविवारपासून तुम्ही सगळ्यांत पुढे."

मास्तरांची छाती पुन्हा फुगली. आघाडी! इतक्या वर्षांनी! त्यांनी घड्याळजींच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? शेवटी कदर होतेच! पोरीला ठाऊक आहे, आघाडीला अनुभवी माणूस लागतो!"

"तसं नाही, बाबा," मुलगी सायकलवर बसता बसता म्हणाली. "पुढे कुणी नसलं, म्हणजे तुम्ही कुणाच्या मागे लागणार नाही."