टॉवेलाखालचा मिक्सर

कडी वाजली. आमच्याकडे दुपारी कडी वाजवायला बंदी आहे, कारण तेवढ्याच वेळात आमची चार वर्षांची दीपा झोपते आणि मी कॉम्प्युटरवर बसते. घोडेगावात इंटरनेट आणलं ते मी! सन नव्व्याण्णव उजाडलं तेव्हा गावात घरचा कॉम्प्युटर एकच, माझ्या माहेरहून फ्रीजऐवजी आलेला. बायका त्याला हळदीकुंकू वाहायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे म्हशींचे व्यापारी कारभारीकाका. त्यांच्या म्हशींची फोटोंसकट वेबसाइट मी बनवली. वेबसाइट ठेवायला भाड्याची जागा लागते, हे मी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "काका, ही तुमची म्हैस. ती बांधायला गोठा लागतो. पुण्याच्या एका कंपनीचा गोठा एक नंबर आहे."

एक नंबर का, ते सांगितलं नाही. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला ती कंपनी मिक्सर भेट देत होती, आणि पाट्यावर वाटून वाटून माझे खांदे निखळायला आले होते.

मिक्सर आला. शेंगदाण्याची पहिली चटणी झाली. दीपानं बोटं चाटत विचारलं, मिक्सर कुणी दिला? "कारभारीकाकांच्या म्हशीनं," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते.

गोठा मात्र नेमका बाजाराच्या दिवशी बंद पडायला लागला. सुरतचा एक व्यापारी फोटो बघून म्हशी घेणार होता, त्याला नुसता पांढरा पडदा दिसला.

आणि आता दारात काका. ते गेले की त्यांच्या शब्दावर थांबलेले बाकीचे व्यापारीही जाणार. मग नवऱ्याच्या, योगेशच्या, सल्ल्याप्रमाणे मी कॉम्प्युटर झाकून शिवणाचा क्लास काढायचा.

मिक्सर समोरच टेबलावर होता. मी त्याच्यावर टॉवेल टाकला, पण गडबडीत माझा हात आतच राहिला.

काकांनी आत येऊन टॉवेल बघितला, त्याखाली गेलेला हात बघितला, आणि त्यांचा चेहरा एकदम धंद्याचा झाला. आमच्या बाजारात म्हशीचा भाव तोंडानं ठरत नाही. दोघं टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. काकांना वाटलं, ताई झाल्या नुकसानीचं रीतीनं मिटवतायत. त्यांनी बाही सारली आणि पलीकडून हात घातला. मी माझा हात झटकन काढला. काकांनी बोट समजून जे दाबलं, ते बटण होतं.

घर्रर्र! टॉवेल उडाला, झाकण उडालं, उरलेली चटणी काकांच्या टोपीवर जाऊन बसली आणि दीपा उठली.

"आजोबा, हा मिक्सर तुमच्या म्हशीनं दिलाय," तिनं डोळे चोळत सांगून टाकलं.

मग मलाही सगळं सांगावं लागलं. काका टोपी काढून तिच्यावरची चटणी बोटानं चाखत ऐकत होते.

"मंजी दलाली," ते म्हणाले.

"भेट आहे ती, काका."

"ताई, आमी टावेलाखाली भाव झाकतो, दलाल न्हाई झाकत. तो कुनाकडून खातो ते साऱ्या बाजाराला ठावं असतंय." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "मिक्सर नसता, तर माजी म्हैस कुठं बांधली असती?"

हा प्रश्न मी स्वतःला मुद्दामच विचारला नव्हता. "मुंबईच्या एका गोठ्यात," मी म्हटलं. "ते भेट देत नाहीत. पण बाजाराच्या दिवशी दारही लावत नाहीत."

"मग तिकडं बांधा की."

दीपाला मांडीवर घेऊन त्याच संध्याकाळी मी म्हैस हलवली. पुढच्या बाजाराला सुरतेचा फोन आला आणि काकांच्या म्हशी तिकडं रवाना झाल्या! मी भर बाजारात उभं राहून सांगितलं, "पुण्याचा गोठा मला मिक्सर देतो, मुंबईचा काही देत नाही. तरी मुंबईलाच बांधा." जी बाई हातातला मिक्सर सोडते ती आपल्याला काय फसवणार, असं काकांनी चारचौघांत पटवलं, आणि आमच्या दारात फोटोसाठी म्हशींची रांग लागली. योगेश शेण चुकवत ऑफिसला जाऊ लागला. शिवणाच्या क्लासचं नाव त्यानं परत काढलं नाही.

मिक्सर मी धुऊन, पुसून, पार्सलनं पुण्याला परत धाडला आणि विजयी मुद्रेनं पाट्यावर बसले. दीपा शेजारी येऊन टेकली.

"आई, मिक्सर परत दिला ना?"

"दिला, राणी. आपला नव्हताच तो."

तिनं बराच विचार केला.

"मग त्यातली चटणी आपण खाल्ली, ती कशी परत द्यायची?"