सार्वजनिक हातमोजा

स्वच्छता ही मुळात दुसऱ्याने पाळायची गोष्ट आहे, आणि हे तत्त्व फ्रान्सातल्या आमच्या मोंतारूझ गावाइतकं निष्ठेने क्वचितच कुठे पाळलं जात असेल.

आमच्या शनिवारच्या बाजारात ओडीलबाई गारिग एकेचाळीस वर्षं एकाच झाडाखाली खरबुजं विकत आल्या. खरबूज घ्यायची रीत ठरलेली आहे. देठाशी अंगठा दाबायचा, बुडाला नाक टेकवून वास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि दुसरं उचलायचं. साधारण अकरावं पसंत पडतं. (आधीची दहा पुढच्या गिऱ्हाइकाच्या नाकासाठी असतात.)

जुलैत अग्निशमन दलाच्या मेजवानीनंतर सात जणांची पोटं बिघडली. तिथे चार तास उन्हात ठेवलेलं मेयोनेजही होतं. पण ते नगराध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी केलेलं, त्यामुळे संशय खरबुजांवर गेला. पालिकेने ठराव केला, की उघड्या हाताने खरबूज दाबू नये. त्यासाठी ओडीलबाईंच्या गाड्याला एक रबरी हातमोजा बांधण्यात आला. एकच. (दोरी अशासाठी, की स्वच्छता चोरीला जाऊ नये.)

"अहो, एकाच मोज्यात अख्ख्या गावाने हात घालायचा?" ओडीलबाईंनी विचारलं.

"मग काय झालं?" पालिकेचे कारकून लुबियेर म्हणाले. "बाहेरून पुसतो ना आम्ही!"

त्या शनिवारी तीनशे बारा जणांनी मोजा चढवला. त्यात मासळीवाला झिल्बेर होता, नुकतंच कुत्र्याचं नाक पुसून आलेल्या देनिझ आजी होत्या, आणि प्रस्तुत लेखकही होता, ज्याच्या हाताविषयी अधिक लिहायची गरज नाही.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. खरबुजांवरचे जंतू नगण्य. मोज्यातल्या जंतूंचा आकडा चौकटीत मावेना, तो कागदाच्या मागे लिहावा लागला. निष्कर्ष सरळ होता: जंतू ओडीलबाईंच्या गाड्यावर सापडले, सबब गाडा बंद. मोजा पालिकेची मालमत्ता असल्याने त्याला सन्मानाने सोडण्यात आलं.

"एकेचाळीस वर्षं तुम्हाला पिकलेलं निवडून दिलं रे," ओडीलबाई फडकं झटकत म्हणाल्या. "आता बसा सुपरमार्केटातल्या प्लास्टिकचा वास घेत!" आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटलं.

अपिलाची सोय आहे, हे पालिकेचं मोठेपण. 'मी न धुतलेला हात मोज्यात घातला' असं एका तरी गिऱ्हाइकाने लिहून सही करायची, की गाडा परत झाडाखाली.

"माझा हात? छे गं बाई!" देनिझ आजी म्हणाल्या. "त्या मासळीवाल्याला विचारा."

"माझे हात दिवसभर बर्फात असतात," झिल्बेर म्हणाला. "जंतू काय, मीसुद्धा मरायला टेकतो!"

मी स्वतः सही करायला बसलो होतो, पण पेन सापडलं नाही. गेले तेरा आठवडे ते सापडत नाहीये. ओडीलबाई रस्त्यात भेटल्या की मी चपलेत खडा गेल्यासारखं करतो.

फॉर्म अजून पालिकेच्या खिडकीत पडलाय. मुदत शुक्रवारी संपते. सही गावकऱ्याचीच हवी असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही. न धुतलेल्या हाताने दुसऱ्याच्या खाण्याला हात लावलेला कोणीही प्रामाणिक माणूस चालेल. तुम्हीच या ना. तुम्ही त्यातले नाही? बरं. मग परवा मंडईत टोक मोडून पाहिलेली आणि गुपचूप ढिगात परत टाकलेली ती भेंडी कोणाची होती?