थंड गुहेतला तापमान अधिकारी

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात वीज आली होती. अक्कल अजून यायची होती.

त्या जंगलात एक टिटवी राहायची. तिला चार अंडी झाली. तेवढ्यात राजाचा हुकूम सुटला, की यापुढे कुणी अंडी पोटाखाली घ्यायची नाहीत. सरकारी उबवणी केंद्रात दिव्याखाली ठेवायची. टिटवीने मनावर दगड ठेवून अंडी नेऊन दिली आणि केंद्राच्या दारातच बसून राहिली.

दिव्यांना वीज एका डब्यातून यायची. डबा साळिंदरबाईने बांधला होता. त्याला एक खोड होती. तापला की तो जास्त वीज सोडायचा, आणि जास्त वीज सोडली की आणखी तापायचा. म्हणून साळिंदरबाईने डब्यावरच एक सरडा बसवला होता. पोट भाजलं की सरडा वीज कमी करायचा, गार वाटलं की वाढवायचा. दिवे कसे एकसारखे जळायचे.

एके दिवशी अस्वलसाहेब तपासणीला आले.

"अरेरे! तापमान अधिकारी आणि डब्यावर बसतो? शोभतं का हे?"

"साहेब, तो तिथं बसलाय म्हणून तर सगळं धड चाललंय," साळिंदरबाई म्हणाली.

"तुम्ही फिटर आहात. फिटरसारखं बोला."

झालं! सरड्याला थंडगार गुहा मिळाली, खुर्ची मिळाली, शाल मिळाली. डब्याच्या बटणाला लांब दोरी बांधून तिचं टोक त्याच्या हाती दिलं. सरडा बिचारा प्रामाणिक. गुहेत हुडहुडी भरली की तो वीज वाढवायचा. आणि गुहेत हुडहुडी रोजच भरायची.

पिवळे दिवे पांढरेफटक झाले. टिटवीच्या काळजात चर्र झालं. ती ओरडत गुहेकडे धावली.

"अहो सरडेभाऊ, माझी लेकरं शिजतायत हो!"

"काहीतरीच काय, ताई! इथं माझे दात वाजतायत," सरडा म्हणाला आणि त्याने दोरी आणखी वीतभर ओढली.

चारही अंडी उकडली. टिटवी ऊर फुटेस्तोवर रडली.

चौकशी समिती बसली. अस्वलसाहेबांनी निकाल वाचला, "गुहेतले तापमान समाधानकारक होते. घटनेआधी टिटवी ओरडत होती. टिटवीचे ओरडणे अशुभ असते, हे सर्वश्रुत आहे. सबब दोष टिटवीचा."

सरड्याला दुसरी शाल मिळाली. अंडी पुरावा म्हणून टेबलावर ठेवली होती. अस्वलसाहेबांनी मीठ मागवलं.

तात्पर्य: ज्याचं जळतं त्यालाच कळतं. म्हणून अधिकारी नेमताना ज्याचं काहीच जळत नाही, असाच नेमावा.