ओपन हाऊसचा सत्यनारायण

क्वालिटी ऑफ लाइफ म्हणजे काय हे जाणून घ्यायचं असेल, तर सरळ मला विचारा! त्यासाठी सर्व्हे नकोत, रँकिंग नको. माझा साधा दहा मिनिटांचा नियम आहे. दारातून निघून चालत दहा मिनिटांत जे मिळतं, तेवढंच खरं. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या पेंडल हिलच्या भाड्याच्या घरातून दहा मिनिटांत स्टेशन. दहा मिनिटांत आमच्या लेकीची, मयूराची शाळा. दहा मिनिटांत बायकोचं, मेधाचं फिजिओ क्लिनिक. सात मिनिटांत ताजी मेथी आणि मेथीच्या दुकानाशेजारी गरम इडली. मागच्या अंगणात लिंबाचं झाड, आणि मी स्वतःच्या हाताने लावलेला, सहा वर्षांत माझ्या खांद्याला लागलेला कढीपत्ता. आता सांगा, माणसाला आणखी काय लागतं?

मालकी लागते. हे मला फेब्रुवारीत कळलं.

आमचा घरमालक म्हणजे ब्रिस्बेनचा एक डेंटिस्ट. सहा वर्षांत त्याने हे घर एकदाही बघितलं नव्हतं. त्याने एजंटमार्फत ईमेल पाठवला की घर लिलावाने विकायचं ठरलंय. तुम्ही छान भाडेकरू होतात, धन्यवाद.

"होतात?" मेधा ओरडली. "अजून आहोत आपण इथे!"

आम्ही बँकेत धावलो. बँकेने जेवढ्या कर्जाला हो म्हटलं, तेवढ्यात हे घर बसत होतं. पण अगदी जेमतेम! दुसरं कोणी ईर्ष्येने उतरलं की आमचा कारभार आटोपला. मग नवा मालक राहायला येणार, मयूराची शाळा सुटणार आणि आम्ही कुठेतरी लांब, जिथे कोथिंबिरीसाठी गाडी काढावी लागते अशा ठिकाणी जाऊन पडणार. मेधा दोन दिवस अंगणात जाऊन त्या कढीपत्त्याला नुसती हात लावून येत होती. मला बघवेना.

आणि मग एजंटचा दुसरा ईमेल आला. शनिवारी अकरा ते साडेअकरा, घर लोकांना बघायला खुलं. तो वाचताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

"मेधा! शनिवारी आपल्याकडे सत्यनारायण!"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? चाळीस माणसं, उदबत्तीचा धूर, शंख, टाळ, वर आरती! एकाही गिऱ्हाइकाला बेडरूमपर्यंत पोहोचता यायचं नाही. कोण घेईल असलं गजबजलेलं घर? आणि आलाच कोणी आत, तर मी हळूच त्याच्या कानात घराचे चार दोष सांगीन."

"घराला दोष कुठे आहेत?"

"ते मी बघतो."

मेधाने कपाळाला हात लावला. "निनाद, अरे देवाला एजंटच्या अंगावर सोडतोयस तू! मला हे अजिबात पटलेलं नाही. पण शिरा मी करणार. तुझ्या हातचा शिरा दाखवला तर देवच घर सोडून जाईल."

एजंटचं नाव ब्रेट. त्याला फोन करून मी गंभीर आवाजात सांगितलं की आमचं धार्मिक कार्य आहे, मुहूर्त ठरलाय, हलवता येत नाही.

"नो वरीज, मेट!" ब्रेट म्हणाला. "घरात माणसं असली की घर जिवंत वाटतं!"

थांब म्हणावं, शनिवारी कळेल.

आता एक पथ्य मात्र कडक पाळायचं होतं. आम्हाला हे घर घ्यायचंय, हे कोणाला म्हणजे कोणालाच कळू द्यायचं नाही. आमचा मित्र मोहन पूजेला येणार होता, आणि मोहनला कळलं म्हणजे पेंडल हिल स्टेशनवर अनाउन्समेंट झालीच म्हणून समजा.

शनिवारी साडेनऊला श्रीनिवास गुरुजी आले. गुरुजी सोमवार ते शुक्रवार स्ट्रक्चरल इंजिनिअर असतात, शनिवार-रविवार गुरुजी. धोतर, उपरणं, हातात पळी-पंचपात्राची पिशवी. आल्या आल्या त्यांनी हॉलच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"भिंत लोडबेअरिंग आहे हो ही, छपराचा भार पेलणारी! उत्तम काम."

"बसू या का गुरुजी?"

"बसू. स्वयंपाकघर कुठे? आग्नेयेला! आणि देव ईशान्येला! अहो, हे कोणी बांधलं?"

आता गुरुजी काही गिऱ्हाईक नव्हेत. माझी जीभ सुटली. म्हटलं, "गुरुजी, घर म्हणजे सोनं आहे! सहा वर्षांत एक नळ कधी ठिबकला नाही. दहा मिनिटांत स्टेशन, दहा मिनिटांत शाळा, सात मिनिटांत मेथी!" मी त्यांना पार मागे नेऊन कढीपत्ता दाखवला. त्यांनी एक पान तोडून चुरगाळलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटले. मला फार बरं वाटलं.

मंडळी जमली. आम्ही दोघं पाटावर बसलो. चौरंगाला कोणाच्या तरी अंगणातल्या केळीचे खांब लागले. गुरुजींनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि मोठ्याने विचारलं, "संकल्प सांगा. मनात काय इच्छा आहे? घराची वगैरे?"

मी तिरक्या नजरेने बघितलं. समोरच बसलेल्या मोहनचे कान टवकारले होते.

"छे छे, घर-बिर काही नको हो गुरुजी!" मी हसत म्हटलं. "इथे नुसतं राहायला मिळालं तरी पुरे!"

मेधाने मला कोपराने ढोसलं. पण तोवर गुरुजी "तथास्तु" म्हणाले होते आणि पाणी ताम्हनात पडलं होतं.

अकरा वाजले. गुरुजींचे तीन अध्याय उरकले होते. मी मोठ्या आशेने दाराकडे बघितलं आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं! पोर्चवर आमच्या चाळीस माणसांच्या चपला-बुटांचा हा ढीग! फाटकाशी गिऱ्हाइकं थबकून तो ढीग मोजत होती आणि ब्रेट सगळ्यांना सांगत होता, "बघा बघा, केवढा इंटरेस्ट आहे!"

गिऱ्हाइकांनीही निमूट बूट काढले. ढीग आणखी वाढला. मागून येणाऱ्यांना तो आणखी मोठा दिसला. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "लवकर चल, लोकांनी आत बसूनसुद्धा घेतलंय!" हॉलमध्ये मांडी घालून बसलेली आमची मंडळी म्हणजे सगळे लिलावातले प्रतिस्पर्धी, असा त्यांचा समज झाला होता. आणि मोहन तर गुडघा दुखतो म्हणून भिंतीला टेकून असा काही बसला होता की घर त्यानेच विकत घेतलंय!

धुराने लोक पळतील म्हणत होतो ना? साजूक तुपात परतलेला रवा, केळी, वेलची आणि वर चंदनाची उदबत्ती! ब्रेटने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "मेट, लोकांनी घर घ्यावं म्हणून आम्ही ओव्हनमध्ये ब्रेड भाजून ठेवायला सांगतो. तू तर कमाल केलीस!"

मेधा शेजारच्या पाटावरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघणं टाळलं.

आता सगळी मदार माझ्या चार दोषांवर. गोल टोपी घातलेले एक ऑस्ट्रेलियन आजोबा आणि त्यांची बायको छताकडे बघत उभे होते. मी पाटावरून हळूच उठलो. गुरुजींचा चौथा अध्याय चालू होता. तोच तो, नावेत काय आहे असं विचारल्यावर व्यापारी खोटं बोलतो आणि सांगितलेलं खरंच होऊन बसतं, तो अध्याय. माझं काही लक्ष नव्हतं.

"सांगू नये," मी आजोबांच्या कानाशी म्हटलं, "पण छप्पर गळतं. बरोबर तिथे." आणि चौरंगाच्या वर बोट दाखवलं.

"नो इट डझन्ट, बाबा!"

मयूरा! आठ वर्षांची आमची सत्यवचनी कन्या आरतीचीही वाट न बघता हातात शिऱ्याचे द्रोण घेऊन उभी होती.

"इट नेव्हर लीक्स," ती आजोबांना म्हणाली. "इट्स द बेस्ट हाउस. बाबा सेज एव्हरीथिंग इज टेन मिनिट्स. स्टेशन टेन मिनिट्स, स्कूल टेन मिनिट्स..."

"बाळा, तू आत जा बरं!"

"अँड यू हॅव टु ईट धिस. यू कान्ट से नो. इट्स लाइक अ रूल."

आजोबांनी शिरा तोंडात टाकला. आजींनी टाकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग मयूरा द्रोण घेऊन एकेका गिऱ्हाइकाच्या मागे धावली. प्रसाद घेतल्याशिवाय तिने एकालाही घराबाहेर जाऊ दिलं नाही! प्रसाद घेतल्यावर तर कोणी जायला तयार होईना. साडेअकराला आरती सुरू झाली तेव्हा आजोबा आमच्याबरोबर टाळ्या वाजवत होते आणि आजींनी कोणाकडून तरी टाळ मिळवले होते.

"कम्युनिटी!" ब्रेट गदगदून म्हणाला. "पैसे देऊन मिळत नाही हे!" आणि सोमवारी वेबसाइटवर आमच्या घराच्या फोटोखाली ठळक अक्षरांत आलं, 'सगळं काही दहा मिनिटांत!' माझा नियम! माझ्याच विरोधात!

तीन आठवड्यांनी आमच्याच हिरवळीवर लिलाव झाला. आम्ही दोघं पुढे उभे. मेधाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोली लावायला तो सोडवून घ्यावा लागला असता. ती वेळच आली नाही. टोपीवाल्या आजोबांची पहिलीच बोली आमच्या बँकेच्या डोक्यावरून गेली! मी तोंडसुद्धा उघडलं नाही. मेधाने हात सोडला आणि ती अंगणाच्या दिशेला बघत राहिली. त्या क्षणी मला ते चाळीस जोड, तो शिरा, माझी ती अक्कल, सगळं आठवून रडू यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात गर्दीत मागे मला श्रीनिवास गुरुजी दिसले. हाफ पँट, टी-शर्ट, डोक्यावर कॅप. पहिल्यांदा ओळखलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघून आशीर्वादाचा हात वर केला. मला भरून आलं. आपल्या पडत्या काळात गुरुजी मुद्दाम आले! मी हात जोडून नमस्कार केला.

आजोबांनी आकडा वाढवला. गुरुजींनी पुन्हा हात वर केला. मी पुन्हा वाकून नमस्कार केला.

असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी आजोबांनी नकारार्थी मान हलवली, हातोडा पडला, आणि ब्रेट आमच्या अंगावरून धावत जाऊन गुरुजींचा तो आशीर्वादाचा हात जोरजोरात हलवायला लागला!

"गुरुजी?" मी गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे धावलो.

"अहो निनाद, तुमच्यासाठीच!" गुरुजींचा चेहरा नुसता फुलला होता. "तुम्ही संकल्पातच म्हणालात की घर नको, नुसतं राहायला मिळालं तरी पुरे. म्हटलं, त्या आजोबांनी घेतलं तर ते तुम्हाला बाहेर काढणार. मी काही इथे येणार नाही. तुम्ही खुशाल राहा! शिवाय छप्पर गळतं म्हणालात ना त्यांना, ते मयूराच्या बोलण्यावरून कळलं, म्हणून तुम्ही घरी नसताना ब्रेटबरोबर येऊन मी स्वतः वर चढून तपासलं. ठणठणीत आहे! तुमचा संकल्प पुरा झाला हो!"

मी सहाव्यांदा की सातव्यांदा, कोण जाणे, पण पुन्हा नमस्कार केला. मेधा मात्र हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "शाळा सुटली नाही ना? कढीपत्ता सुटला नाही ना? मग झालं तर!" म्हणाली. आणि संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मध्येच पुन्हा फिसकन हसली.

भाडं तेवढंच राहिलं. गुरुजी मालक म्हणून देवमाणूस. दर महिन्याला चार कढीपत्त्याच्या डहाळ्या नेतात, बाकी त्रास नाही.

जूनमधली गोष्ट. दोन दिवस पाऊस चालला होता. सकाळी मी चहा घेऊन हॉलमध्ये आलो आणि माझ्या डोक्यावर टप्पकन एक थेंब पडला. वर बघितलं. आणखी एक पडला. फोन केला.

"गुरुजी, छप्पर गळतंय."

"कुठे?"

"हॉलमध्ये. तिथे... चौरंग होता ना, त्याच्या बरोबर वर."



"निनाद, त्या आजोबांना तुम्ही बोट दाखवलंत, ते कुठे?"

"तिथेच."

"तेव्हा मी कितवा अध्याय वाचत होतो?"

"चौथा," मी म्हटलं.

"छपरासाठी प्लंबर पाठवतो," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी सुधारलोय. पुढच्या महिन्यात पुन्हा सत्यनारायण ठेवलाय, तोही कोणाला पळवायला नाही. या वेळी संकल्प कागदावर नीट लिहून काढलाय. एकही शब्द इकडचा तिकडे नाही, मेधाने दोनदा तपासलाय. 'हे घर आमच्या मालकीचं होऊ दे', इतकं स्वच्छ लिहिलंय.

फक्त पूजा सांगायला श्रीनिवास गुरुजीच येणार आहेत. त्यांच्यासमोर पाटावर बसून, हातात पाणी घेऊन हे मोठ्याने म्हणायचं कसं, तेवढं कोणी सांगेल का?