आदी पाणी तरी इचारा!

गुंडूतात्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि तरी त्यांनी एका अख्ख्या इंग्रजी सिनेमाचं मराठी केलं. थेटरात बसून, तिसऱ्या रांगेतून, खणखणीत आवाजात.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात सकाळच्या खेळाला एक जुना सिनेमा लागला. परग्रहावरून तबकडी उतरते, आतून एक सभ्य माणूस बाहेर येतो आणि एक शिपाई त्याला गोळीच घालतो. झालं! तात्या उभे राहून ओरडले, "अरं, पावणा हाय की त्यो! आदी पाणी तरी इचारा!"

थेटर हसलं आणि तात्या चेकाळले. मग पडद्यावर कुणीही तोंड उघडलं की बोलणार तात्याच. गोरी बाई विचारी, "गाव कंचं म्हनायचं?" पाहुणा म्हणे, "लई लांब. जेऊरच्या बी पल्याड." तात्या स्वतः जेऊरचे. गिरणीत तीस वर्षं काढून आमच्या चाळीत एकटेच राहत. आठवडाभर ते रोज गेले, आणि लोक सिनेमा सोडून त्यांनाच ऐकायला येऊ लागले.

मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. शाळेला सुट्टी, म्हणून मीही रोज थेटरात असायचो आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा. सिनेमाच्या शेवटी तो पाहुणा चक्क धमकी देतो, की नीट वागा, नाहीतर पृथ्वी जाळून टाकू. तात्यांच्या मराठीत मात्र तो म्हणे, "येतो आता. लई केलंत माजं. परत आलो की तुमच्याकडंच उतरतो." अहो, गोळी खाल्लेला माणूस तो!

शनिवारी न राहवून मी चारचौघांत त्यांना झापलं. "तात्या, तो धमकी देतोय, धमकी!"

"मास्तर, येवड्या लांबनं कोन धमकी द्यायला येतंय व्हय?" तात्या म्हणाले, पण आवाज पार उतरला होता.

रविवारी शेवटचा खेळ. तात्या आलेच नाहीत. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते, जशी काही ती गोळी मीच घातली होती.

घरी येऊन मी त्यांचं दार वाजवलं. आमची भिंतीला भिंत, पण सहा वर्षांत त्या दारात मी पहिल्यांदाच उभा होतो. हा गृहस्थ एकदा बोलायला लागला की सुटका नाही, म्हणून टाळत आलो होतो.

तात्यांची तारांबळ उडाली. चादर झटकून अंथरली, तांब्याभर पाणी पुढं केलं, फळीवरची दुसरी कपबशी काढली. कपात दुकानातल्या पेंढ्याची काडी अजून तशीच होती.

"हितं ऱ्हायला आलो तवा जोडीनं घेतलीवती," काडी काढत ते म्हणाले. "पावण्याला लागंल म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चहा ओतताना त्यांनी मान वर केली नाही. "मास्तर, तुमाला इंग्रजी येतंय. खरं सांगा. त्यो धमकीच देतो व्हय?"

वीस वर्षांच्या मास्तरकीत मी पहिल्यांदाच जाणूनबुजून चुकीचं भाषांतर केलं. "नाही हो. परत येतो म्हणतो."

"आन उतरतो कुटं?"

"तुमच्याकडेच."

"बगा!" तात्या म्हणाले, आणि आपल्या कपातला निम्मा चहा त्यांनी माझ्या कपात ओतला.