मागे छप्पन दाते

पेडण्यात मोटरसायकलीतलं कळणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, याविषयी रुद्रेशच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पेडण्याच्या मनात होती. पण पेडण्याला विचारतो कोण! पंचायतीत कारकुनी करणाऱ्या या गृहस्थाने आजवर स्वतःच्या हाताने एकच वस्तू दुरुस्त केली होती, आईचा मिक्सर. तेव्हापासून त्यांच्या घरी वाटण रगड्यावर होतं.

तर या रुद्रेशकडे एक अगडबंब बाईक होती. मांद्रेच्या गेस्टहाऊसमध्ये कुणी परदेशी पाहुणा ती सोडून गेला आणि रुद्रेशने ती उचलली. तिला चेन नव्हती, रबरी पट्टा होता. शिरगावच्या बाजूला खाणीच्या रस्त्यावरची खडी त्या पट्ट्यात शिरली आणि पट्टा फाटकन तुटला. नवा पट्टा परदेशातून यायला तीन महिने! आणि सर्वणला मुलगी बघायला जायचं होतं येत्या रविवारी.

आता थट्टा क्षणभर बाजूला ठेवू. रुद्रेश चौतीस वर्षांचा झाला होता आणि नऊ ठिकाणांहून नकार खाऊन बसला होता. पण सर्वणच्या सिद्धीला त्याने डिचोलीत एका लग्नात पाहिलं होतं. शाळेत गणित शिकवणारी, मनापासून हसणारी मुलगी. ती त्याला फार आवडली होती. हे जुळावं असं त्याला खरोखर वाटत होतं, आणि नेमकं म्हणूनच त्याने भाड्याची गाडी करून गुपचूप जायला हवं होतं.

"गाडी सांगूया मरे," सदाशिवमामा म्हणाले. बोलणी करायला तेच जाणार होते.

"मामा, भाड्याची गाडी आजाऱ्यांना लागते! मी पट्टा काढून चेन बसवतो. वर वेगही वाढवतो. अर्ध्या तासात सर्वण!"

गॅरेजवाला विठ्ठल बांद्याचा. त्याने एवढंच विचारलं की मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, केवढं घालायचं.

"सगळ्यात मोठं. दाते जास्त, तेवढी गाडी रस्ता चावून पळणार!"

"रुद्रेशबाब, उलटां करतास तुमी. मागचां मोठां केल्यार गाडी वडतली, पण पळूची नाय."

"विठ्ठल, मी व्हिडिओ बघितलाय."

कुठला बघितला होता देव जाणे! विठ्ठलने कपाळाला हात लावला, तो ग्रीसने माखलेला होता हे विसरून. पुढे चौदा दाते, मागे छप्पन. परातीएवढं ते चक्र बसवल्यावर चेनचं झाकण काही त्यावर बसेना. "झाकण कशाला? दिसू दे की लोकांना!" रुद्रेश म्हणाला. चेनला तेल लागतं हे त्याला व्हिडिओतून कळलं होतं, पण विठ्ठलचं ग्रीस त्याला कमी दर्जाचं वाटलं. त्याने घरचं घाण्यावरचं खोबरेल तेल चेनवर अर्धी बाटली ओतलं. सकाळी बघतो तर चेनवर मुंग्यांची रांग!

रविवारी दुपारी मामा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पांढरी पँट घालून मागे बसले. गाडी सुरू झाली. काय तो आवाज! शेजारच्या म्हाताऱ्या बाहेर आल्या. पण तीसच्या पुढे काटा गेला की इंजिन असं किंचाळे की ऐकवेना. रुद्रेश गियर बदलत राहिला, आणि सगळे गियर संपले तरी गाडी आपली तीसलाच.

"अर्धा तास झाला," मामा म्हणाले. "कोलवाळचा पूलसुद्धा नाही आला अजून!"

"इंजिन तापतंय मामा. एकदा तापलं की बघा!"

मासळीची पाटी बांधलेली स्कूटर पुढे गेली. कदंबा बस पुढे गेली. अस्नोड्यात तर सायकलवरचा पोदेर, मागे पावांची टोपली घेऊन, पों पों करत पुढे निघून गेला. जाताना त्याने मामांना हातही केला. मामांनी तोंड फिरवलं. त्यांच्या पाठीवर मघापासून काहीतरी गार गार उडत होतं. त्यांना वाटलं, पावसाचे थेंब असावेत.

चारची वेळ दिलेली, ते पोचले सहाला. वाटेतच सिद्धीचे वडील जयराम चिखलात उभे होते. नारळ भरलेला त्यांचा पिकअप शेताच्या बांधाशी रुतला होता आणि घरातली सगळी माणसं तो ढकलून दमली होती. रुद्रेशने आव आणला, "दोरी द्या!"

दोरी बांधली. आणि काय सांगावं! जी गाडी पोदेराच्या सायकलला हरली होती, तिने एक हिसका देऊन तो पिकअप नारळांसकट असा बाहेर काढला की जयराम टाळ्या पिटायला लागले. "शाब्बास! ही गाडी न्हय, रेडो आसा रेडो!"

रुद्रेशची छाती फुगली. त्यांच्या घरी सोफ्यावर बसला तेव्हा त्याला वाटलं, जमलं! मामा पांढऱ्या क्रोशाच्या झालरीला टेकून बसले. उठतील तेव्हा काय दिसणार आहे, हे अजून कुणाला माहीत नव्हतं.

सिद्धी चहा घेऊन आली. रुद्रेशला राहवेना. "गाडीचं सगळं मीच केलंय. मुद्दाम वेग वाढवलाय."

"हो? पुढे किती दाते?" तिने विचारलं.

"चौदा."

"आणि मागे?"

"छप्पन!"

"म्हणजे पुढचं चार वेळा फिरणार तेव्हा मागचं चाक एकदा. मग वेग वाढला कसा?"

रुद्रेश बोटांवर मोजायला लागला. या मुलीसमोर आपण शहाणे दिसावं एवढंच त्याला हवं होतं, आणि पाचवीतलं गणित त्याला सुटत नव्हतं.

"अगो, शेताखातीर केल्या ती!" जयराम मदतीला धावले. "होय ना हो?"

"होय! शेतासाठीच!" रुद्रेश म्हणाला.

"तुमका शेत आसा?" जयरामांनी विचारलं.

"नाही," मामांनी सांगून टाकलं, आणि ते हात धुवायला उठले.

मामांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चेनवरून उडालेल्या तेलाचा काळा कुळकुळीत पट्टा होता. तसाच तंतोतंत क्रोशाच्या झालरीवर. सिद्धीच्या आईने "देवा!" म्हणून तोंडावर पदर घेतला. सिद्धी मात्र हसली, अगदी मनापासून. तिचं तेच हसणं रुद्रेशला आवडलं होतं. पण त्याचं कारण आपण असू, असं त्याला वाटलं नव्हतं.

निघताना जयरामांनी गाडीच्या टाकीवरून हात फिरवला. "गाडी आमका पसंत आसा," ते म्हणाले. "मुलाचं मागाहून कळवतो."

तीन दिवसांनी मामांचा फोन आला. मुलीची इच्छा नाही. पण नारळ-सुपारी ओढायला गाडी मिळेल काय, असं जयराम विचारत होते.

रुद्रेशने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "देतो. पण पोचवायला मी स्वतः जाईन."

"कशाला रे?"

"सहज. सिद्धी शाळेला निघायच्या आत पोचेन. दोन शब्द बोलता येतील."

बोलायचं काय तेही त्याने ठरवलं होतं. सरळ माफी मागायची आणि गणित आपल्याला कधी जमलंच नाही हे कबूल करायचं. चौतीस वर्षांत सुचलेला हा त्याचा पहिला शहाणपणाचा बेत होता. सकाळी साडेसहालाच तो घरातून निघाला. वाटेत चेन चारदा उतरली.

पोचला तेव्हा शाळा सुटली होती.